कोंबडा पाळायला देणे आहे

गावरान कोंबडा द्यायचा आहे असं नुसतं चार लोकांत बोललं, तरी दिवसाभरात दहा फोन येतात. घेणारा मिळत नाही अशी अडचण कधीच नसते. त्यातले आठ-नऊ जण पहिला प्रश्न विचारतात, "किती किलोचा आहे?" इथेच समजून जावं. ज्याला पाळायचा असतो तो वजन विचारत नाही. तो विचारतो, "मारका आहे का?"

आमच्या परसात तीन जुन्या कोंबड्या आणि एक नर होता. एक कोंबडी खुडूक झाली, तिला नऊ अंड्यांवर बसवलं. एकविसाव्या दिवशी सहा पिल्लं निघाली, त्यातली तीन जगली. दोन तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण माद्या, आणि एक नर. म्हणजे पाच माद्यांमागे दोन नर झाले. हिशेब इथेच बिघडतो. गावरान कळपात एका नराला आठ ते दहा माद्या लागतात. घरी अंडी बसवली की पिल्लांत साधारण निम्मे नर निघणारच. अंडी उबवणी केंद्रातून एकदिवसीय पिल्लं मिश्र घेतली तरी तेच. दारावर हिरवी-गुलाबी रंगवलेली पिल्लं विकायला येतात त्यांच्याबद्दल तर बोलायलाच नको. ती बहुतेक अंड्यांच्या जातीचे, हॅचरीला नको असलेले नरच असतात.

सहाव्या-सातव्या आठवड्यात तुरा लाल व्हायला लागला की शंका घ्यावी. बाराव्या आठवड्यात खात्री होते: नराच्या मानेवरची आणि कमरेवरची पिसं लांब, टोकदार आणि चकचकीत येतात, तलंगीची गोल टोकाची असतात. आरवणं साधारण चौथ्या-पाचव्या महिन्यात सुरू होतं. आपल्याकडे नर जास्त आहेत हे तिसऱ्या महिन्यात कळत असताना लोक वर्षभर थांबतात, आणि मग कोंबड्यांच्या पाठी उघड्या पडल्यावर घाई करतात. आम्हीही तेच केलं.

पाठी उघड्या पडतात म्हणजे काय, ते एकदा हात लावून बघावं. नर मादीवर चढताना चोचीने तिच्या मानेची पिसं धरतो आणि पाठीवर नखं रोवून तोल सांभाळतो. दोन नर असले की जी मादी मऊ, जी पळत नाही, तिच्यावरच दोघांचा भार येतो. आमच्या सर्वांत जुन्या कोंबडीच्या पाठीवर तळहाताएवढी जागा साफ झाली होती, तुटलेल्या पिसांचे खुंट तेवढे राहिले होते. पंखाच्या मुळाशी नखाची जखम होती आणि तिच्यावर माशा बसायला लागल्या होत्या. ती दिवसभर अंडी घालायच्या खोक्यात बसून राहायची. आम्हाला वाटलं खुडूक झाली. ती लपून बसत होती. जाड सुती कापडाची झूल करून दोन्ही पंखांतून इलॅस्टिक घालून पाठीवर बांधली की महिनाभर निभावतं, पण पावसात ती भिजते आणि खाली कातडी कुजते. त्यामुळे हा उपाय कोरड्या दिवसांतला.

दुसरा त्रास आवाजाचा. अगदी जवळून मोजला तर कोंबड्याचा आवाज १०० डेसिबलच्या वर जातो. रहिवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेची कायद्यातली मर्यादा ४५ डेसिबल आहे. हे आकडे शेजाऱ्यांना माहीत नसतात तोवर बरं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, ही म्हण सगळ्यांना पाठ आहे. पण झाकल्यावर कोंबडंही आरवायचं राहत नाही, हे पाळणाऱ्यालाच कळतं. जपानमधल्या नागोया विद्यापीठात २०१३ साली दाखवून दिलं की कोंबडा उजेड बघून आरवत नाही. त्याच्या शरीरातलंच घड्याळ त्याला उजाडायच्या आधी उठवतं. म्हणून काळं कापड टाकलेल्या खोक्यातही तो साडेचारला बांग देतोच. छत खूप खाली ठेवलं की मान ताणता येत नाही आणि आवाज थोडा दबतो. पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात कमी उंचीचा बंद खोका म्हणजे भट्टी. गळ्याला बांधायचे पट्टेही मिळतात. दाणा खाल्ल्यावर गळ्यापाशी पिशवी फुगते, तिथे पट्टा आवळला की जीव जाऊ शकतो. आम्ही तो बांधला नाही, कुणी बांधावा असंही वाटत नाही.

त्याच संशोधकांनी पुढे आणखी एक गोष्ट मांडली. कळपातला वरचढ नर आधी आरवतो आणि बाकीचे आपल्या पायरीप्रमाणे त्याच्यामागून. परसात हे रोज ऐकू येत होतं. बाप एकदा आरवला की पोरगा लगेच उत्तर द्यायचा, मग बाप पुन्हा. एकाच्या चार बांगा असतील तर दोघांच्या मिळून आठ होत नाहीत, वीस होतात.

आता कोणता द्यायचा? लोक सहसा मारका असतो तो देतात. हे चूक. मारका कोंबडा नव्या घरी पहिल्या आठवड्यात पोराच्या पायावर झडप घालतो आणि दुसऱ्या आठवड्यात रश्श्यात जातो. आम्ही पोरगा द्यायचं ठरवलं, कारण इथल्या पाच माद्यांत एक त्याची आई आणि दोन सख्ख्या बहिणी होत्या. त्याच्यापासून इथे पिल्लं काढून उपयोग नव्हता. बापाच्याही दोन पोरी इथे आहेत हे खरं, पण त्या तलंगांची अंडी बसवायची नाहीत एवढं पथ्य पाळलं की भागतं. पोरगा अकरा महिन्यांचा, अंगाने तांबडा, शेपूट काळी-हिरवी. बाप ऱ्होड आयलंड रेडचा संकर, आई गावरान. माणसावर धावून येत नव्हता. हातात दाणा घेतला की टुक-टुक करून आधी माद्यांना बोलवायचा आणि मग स्वतः खायचा. ज्याला हे येतं तो चांगला नर.

पहिली चूक वेळेची झाली. आम्ही आषाढात सांगायला सुरुवात केली. गटारी तोंडावर. त्या पंधरवड्यात कोंबडा 'पाळायला' मागणाऱ्या माणसावर विश्वास ठेवू नये, मग तो नात्यातला का असेना. सगळे फोन वजन विचारणारे. शेवटी अमावास्येपर्यंत फोन घेणंच बंद केलं. श्रावण लागला आणि चित्र पालटलं. फोन दहाचे दोनवर आले, पण त्या दोघांनीही वजन विचारलं नाही. कोंबडा जिवंत राहावा अशी इच्छा असेल तर श्रावण हा सर्वांत चांगला महिना. मार्गशीर्षही चालतो. शिमगा, नवरात्र उठल्यावरचे दिवस आणि गावच्या जत्रेचा आठवडा टाळावा. आठवडी बाजारात नेऊन उभं राहणं तर नकोच. तिथे पाय बांधून काट्यावरच जातो. शिवाय दहा गावांच्या कोंबड्या एकत्र येतात, त्यातून परत आणलेला पक्षी घरी रोग घेऊन येतो.

फोनवरच्या प्रश्नांवरून माणूस ओळखायला हळूहळू जमतं. रंगावर अडून बसणारा, 'पूर्ण काळाच हवा', 'एकही पांढरं पीस नको', आणि अमुक तारखेच्या आतच हवा म्हणणारा, नवसासाठी किंवा देवाला द्यायला शोधत असतो. उलट्या पिसांचा आहे का असं विचारलं तर तिथेच फोन ठेवावा. पायाचा काटा किती मोठा, उंची किती, दुसऱ्या नराशी भिडतो का, व्हिडिओ आहे का, हे प्रश्न झुंजीवाल्याचे. चंद्रपूर-गडचिरोलीकडे कोंबडबाजार भरतात, पायाला धारदार काती बांधून कोंबडे झुंजवतात. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने हा गुन्हा आहे, तरी धाडी पडतात आणि बाजार पुन्हा भरतात. असील ही झुंजीची जात; असील किंवा असीलचा संकर देणाऱ्याने तर दुप्पट सावध राहावं.

मग विचार केला की माणूस शोधण्यापेक्षा खुराडं शोधावं. म्हणजे असा कळप, जिथे आठ-दहा माद्या आहेत, अंडी बसवून पिल्लं काढतात आणि नर नाही, किंवा नर बदलायचा आहे. घरच्याच नरापासून दोन-तीन पिढ्या पिल्लं काढली की अंडी फळत नाहीत, पिल्लं अशक्त निघतात, वाकड्या बोटांची निघतात. जाणते लोक म्हणून दर दोन वर्षांनी बाहेरून नर आणतात. अशा ठिकाणी कोंबड्याला काम असतं. 'कापणार नाही' ह्या शपथेपेक्षा ती गरज त्याला जास्त दिवस जगवते. प्राणी वाचवणाऱ्या संस्थांकडेही चौकशी केली. कुत्र्या-मांजरांनीच जागा भरलेली असते, कोंबड्याला सहसा नकार मिळतो.

असं खुराडं कुठे आहे हे कोणाला माहीत असतं? सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या ड्रेसरला. लसीकरणाला तो वाड्यावस्त्यांवर फिरलेला असतो. दुसरा पशुखाद्याचा दुकानदार: कोण महिन्याला एक पोतं लेअर, म्हणजे अंड्यांवरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य, नेतो आणि कोण भरडा नेतो, ते त्याला पाठ असतं. त्याच्या दुकानात पुठ्ठ्यावर लिहून लावलं: 'नर बदलायला तांबडा गावरान नर आहे. वय ११ महिने, लस झालेली, गरीब स्वभाव. वजन विचारू नये.' शेवटची ओळ दुकानदाराला फार आवडली. चौथ्या दिवशी पुरंदरकडच्या एका शेतकरी बाईंचा फोन आला. अकरा गावरान माद्या. आधीचा नर त्याच माद्यांचा बाप होता, तो म्हातारा झाल्यावर गटारीला कापला. हे त्यांनी न विचारता सांगितलं. खरं बोलणारा माणूस मिळाला म्हणून आम्हाला उलट बरंच वाटलं. दिवाळीच्या सुमाराला दोन कोंबड्या अंड्यांवर बसवायच्या होत्या, म्हणून नर हवा होता.

फुकट देऊ नये. खाटकाकडे त्या वजनाच्या गावरान कोंबड्याचे जेवढे पैसे होतात, तेवढी किंमत ठेवावी. मग कापून खाण्यात कुणाचा फायदा उरत नाही. त्यांनी पैशाऐवजी बाजरी देऊ केली, आम्ही घेतली. बदल्यात एक तलंगही देत होत्या, ती मात्र नाकारली. नवा पक्षी घरात आणायचा म्हणजे महिनाभर वेगळा ठेवायला जागा हवी, आणि आम्हाला संख्या कमीच करायची होती. एक तोंडी बोली मात्र पक्की केली: दोन वर्षांनी नर बदलायची वेळ आली की आधी आम्हाला फोन.

देण्याआधी एकदा जाऊन जागा बघितली. लोकांना हे संकोचाचं वाटतं, पण नव्या घरी कोंबडा मरतो तो बहुतेक पहिल्या महिन्यात, आणि कारण खुराड्यातच असतं. जमिनीलगतची जाळी अर्ध्या इंचाची आणि जाड तारेची हवी. सहा कोनांची पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला आणि कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. बसायच्या दांडीवर प्रत्येकाला २० ते २५ सेंटिमीटर जागा लागते. तेवढी नसली तर नवा आलेला पक्षी जमिनीवर झोपतो आणि जमिनीवर झोपलेला आधी सापडतो. रात्री दार कोण लावतं, हे नाव घेऊन विचारावं. 'कुणीतरी लावतं' हे उत्तर चालत नाही. त्या वाड्यात नातीकडे ते काम होतं आणि तिने दाराची कडी लावून दाखवली. मग सगळ्यांत महत्त्वाचं विचारलं: गेल्या दोन महिन्यांत वाडीवर मर आली होती का? मानमोडीची (राणीखेत रोगाची) साथ येऊन गेलेल्या ठिकाणी निदान दोन महिने नवा पक्षी नेऊ नये. बर्ड फ्लूची बातमी असेल तर प्रश्नच नाही. २००६ साली नवापूरला तो देशात पहिल्यांदा सापडला. बाधित जागेपासून १ किलोमीटरच्या आतले पक्षी नष्ट करतात आणि १० किलोमीटरपर्यंत ने-आण बंद ठेवतात. अशा वेळी खोक्यात कोंबडा घेऊन जाणं म्हणजे स्वतःबरोबर दुसऱ्याचंही खुराडं बुडवणं.

तयारीला तीन आठवडे ठेवले. मानमोडीची आर-टू-बी लस पंखाखाली टोचून घेतली. ताकद यायला दोन-तीन आठवडे जातात, म्हणून नेण्याच्या आदल्या दिवशी टोचून काही साधत नाही. सहा आठवड्यांखालच्या पिल्लाला ती देत नाहीत. जंताचं औषध डॉक्टरांनी वजनावर सांगितलं तेवढंच पाण्यातून दिलं. मग अंग तपासलं. रात्री मांडीवर घेऊन बॅटरीच्या उजेडात शेपटीखाली आणि पंखांच्या बगलेत पिसं उलटी करून बघायची. पिसाच्या मुळाशी पांढरे गुठळे दिसले तर त्या उवांच्या लिखा. पायाचे खवले वर उचललेले, चुना लागल्यासारखे दिसले तर खवल्याखाली किडे आहेत. पाय कोमट पाण्याने धुऊन, कोरडे करून खोबरेल तेल चोळायचं, आठवड्याच्या अंतराने तीन-चार वेळा. तळपायावर काळी कडक खपली असेल तर ती सूज डॉक्टरलाच दाखवावी. छातीचं हाड बोटांनी चाचपलं की तब्येत कळते: सुरीच्या पात्यासारखं लागलं तर पक्षी खंगलेला आहे.

विष्ठेबद्दल एक गोष्ट सांगून ठेवावी लागते. बहुतेक विष्ठेवर पांढरी टोपी असते. पण दिवसातून दोन-तीनदा चिकट, काळपट तपकिरी आणि भयंकर वासाची विष्ठा पडते, तीही बरोबरच आहे. नव्या माणसाला ती हगवण वाटते आणि तो औषधं सुरू करतो. रक्त दिसलं किंवा सगळंच हिरवं-पातळ झालं, तरच दवाखाना.

काटे कमी करायचे होते. अकरा महिन्यांच्या नराचा काटा सव्वा-दीड सेंटिमीटरचा, पण टोक सुईसारखं. काट्याच्या आत रक्त असतं, म्हणून कापायचा नाही. लोखंडी कानशीने फक्त टोक घासून बोथट करायचं. एकाने कोंबडा धरायचा, दुसऱ्याने पाय पकडून घासायचं, दर दहा-बारा घासांनी थांबून हात लावून बघायचं. काटा कोमट लागला की थांबावं. चुकून रक्त आलंच तर हळद दाबून धरायची.

खाद्याची बाजू लोक विसरतात. आपल्याकडे सरसकट सगळ्यांना लेअर खाद्य घातलं जातं. त्यात कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असतं, कारण मादीला रोज कवच बनवायचं असतं. नराला एक टक्का पुरतं. वर्षानुवर्षं जादा कॅल्शियम गेलं की मूत्रपिंडावर ताण येतो. म्हणून कळपाला ग्रोअर, म्हणजे वाढत्या पक्ष्यांचं, खाद्य किंवा भरडा द्यावा आणि कुटलेले शिंपले वेगळ्या भांड्यात ठेवावेत. माद्या हव्या तेवढ्या खातात, नर त्याला तोंड लावत नाही. नव्या घरी नेमकं काय घालतात हे विचारून आम्ही शेवटच्या दहा दिवसांत बाजरी-मक्याचा भरडा वाढवत नेला. वर तीन किलो जुनं खाद्यही बरोबर दिलं. दिवसाला ११०-१२० ग्रॅम धरलं तर ते पन्नास दिवस निम्मं-निम्मं मिसळायला पुरतं. घर आणि खाणं एकाच दिवशी बदललं की कोंबडा दोन-दोन दिवस दाण्याला शिवत नाही.

पकडायचा आदल्या रात्री, नऊनंतर. अंधारात कोंबडा दांडीवर दगडासारखा बसलेला असतो. दोन्ही हात पंखांवरून घेऊन अंगाशी दाबून उचलायचा, मग एक हात छातीखाली सरकवून पाय दोन बोटांच्या बेचक्यात धरायचे आणि काखेत घ्यायचा. पाय धरून उलटा लटकवायची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे, ती सोडावी. पोटातलं पाणी-दाणा घशात येतं, फडफडीत पंख मोडतो. काखेत घेतानाही छाती आवळायची नाही. पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, तो छाती हलवून श्वास घेतो. घट्ट मिठी मारली तर हातातच गुदमरतो.

खोका पुठ्ठ्याचा, ५० सेंटिमीटर लांब, ३५ रुंद, ४० उंच. त्यात तो बसू शकतो, वळू शकतो, पण पंख पसरून उडी मारू शकत नाही, आणि हेच हवं. वरच्या तिसऱ्या भागात समोरासमोरच्या दोन बाजूंना प्रत्येकी सहा भोकं, रुपयाएवढी. झाकणावर एकही नाही. डोक्यावरून उजेड आला की तो वर उसळतो. तळाला गोणपाट अंथरून वर दोन बोटं भाताचं तूस. नुसता वर्तमानपत्राचा कागद घालू नये, त्यावर पाय घसरून फाकतात. पुठ्ठा विष्ठेने ओला होऊन तळ निसटतो, म्हणून खालून चिकटपट्टी उभी-आडवी मारून घ्यावी. पाण्याची वाटी आत ठेवली तर पहिल्या वळणावर सांडते. त्याऐवजी काकडीच्या चार फोडी टाकल्या. संध्याकाळी सहाला शेवटचं खाणं दिलं होतं, सकाळी दाणा घातला नाही.

पहाटे साडेपाचला निघालो. खोका मागच्या सीटखाली पायांच्या जागेत, डिकीत नाही. मागच्या काचेजवळही नाही, तिथे श्रावणातलं ऊनसुद्धा खोका तापवतं. हलत्या गाडीत अंधार असला की कोंबडा गप्प बसतो. वाटेत एकदा थांबून भोकातून बघितलं. चोच मिटलेली, पंख अंगाशी. चोच उघडी असेल, गळा थरथरत असेल आणि पंख अंगापासून सुटलेले असतील तर तो तापला आहे. कोंबडीला घाम येत नाही, धापा टाकूनच ती अंग निववते. एप्रिल-मेमध्ये न्यायची वेळ आली तर सात वाजायच्या आत पोचता येईल अशीच जागा निवडावी, नाहीतर जून उजाडेपर्यंत थांबावं.

तिथे पोचल्यावर लगेच कळपात सोडायचा मोह सगळ्यांना होतो, विशेषतः घरातल्या लहान मुलांना. तो आवरायला लावला. पहिले दोन आठवडे तो गोठ्याच्या पलीकडच्या टोकाला, वेगळ्या भांड्यात पाणी, वेगळा झाडू. आधी कळपाची पाणी-दाणा व्यवस्था करायची, मग नव्याची, उलटं नाही. महिनाभर वेगळा ठेवता आला तर फारच उत्तम. ते जमत नसेल तर दोन आठवडे तरी. दोन आठवड्यांत तो शिंकला नाही, विष्ठा बरोबर होती, म्हणून तिसऱ्या आठवड्यात खुराड्याला लागून डालग्याखाली ठेवला. माद्या बाहेरून बघायच्या, तो आतून टुक-टुक करायचा. जागाही त्याच्या अंगवळणी पडते. पहिल्याच दिवशी मोकळा सोडलेला कोंबडा संध्याकाळी खुराड्याकडे परतत नाही, आंब्यावर चढून बसतो आणि रात्री रानमांजराला सापडतो. सहाव्या दिवशी अंधार पडल्यावर त्याला उचलून दांडीवर माद्यांच्या मध्ये ठेवलं. सकाळी सगळे एकत्रच खाली उतरले. थोरल्या मादीने दोनदा टोचलं, एकदा याने पंख खाली टेकवून तिच्याभोवती गोल चाल केली, एवढ्यावर मिटलं. तिथे आधीचा नर असता तर हे इतकं सोपं झालं नसतं. दोन वयात आलेले नर मधे जाळी ठेवून आठवडाभर एकमेकांना दिसू दिले तरी भिडतातच, आणि रक्त दिसलं की थांबत नाहीत.

इकडे आमच्याकडे पहाटेची पहिली बांग तशीच राहिली, त्याच वेळेला. कमी झाली ती उत्तरांची साखळी. बाप आरवतो, थोडं थांबतो, उत्तर येत नाही, मग दाणे टिपायला लागतो. जुन्या कोंबडीच्या पाठीवर पाचव्या आठवड्यात पिसांच्या निळसर नळ्या फुटल्या. अंडी पहिले आठ-दहा दिवस कमी झाली, पुन्हा सुरळीत झाली. एक ध्यानात ठेवावं: गेलेल्या नराचं बीज मादीच्या पोटात दोन आठवडे, क्वचित तीन आठवडेही टिकतं. त्यामुळे अंडी बसवायची असली तर तीन आठवडे थांबूनच धरावीत, नाहीतर पिल्लं कोणाची हे सांगता येत नाही.

तोच हिशेब त्यांनाही सांगून ठेवला होता. कळपात सोडल्यावर दोन आठवड्यांनी स्वयंपाकाची अंडी फोडताना बघायला सांगितलं. बलकावर टाचणीच्या डोक्याएवढा नुसता पांढरा ठिपका असेल तर अंडं फळलेलं नाही. ठिपक्याभोवती बुबुळासारखं फिकट वलय असेल तर फळलेलं. पहिल्या दहात चार निघाली, पुढच्या आठवड्यात दहात आठ. मग दोन कोंबड्यांखाली बारा-बारा ठेवली. सातव्या रात्री बॅटरीवर धरून पाहिली, तेव्हा पाच अंड्यांत जाळं दिसलं नाही, ती काढून टाकली.